बंद पडलेली आर.एक्स. १०० घरी उभी करताना : आधी काय उघडावे? (मंचावरील चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

संगमघाट

आमच्या थोरल्या चुलत्यांची १९९१ साली घेतलेली यामाहा आर.एक्स. १०० कराडजवळच्या आमच्या गावी, जुन्या घराच्या पडवीत, दहा-बारा वर्षांपासून उभी आहे. चुलते आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा पुण्यात असतो आणि गाडी मी घेण्यास त्याची आनंदाने संमती आहे. गाडी मेकॅनिकच्या हवाली करून तयार झाल्यावर आणण्यापेक्षा शक्य तेवढे काम स्वतः, घरीच आणि सावकाश करावे, अशी माझी इच्छा आहे. शिक्षणाने मी यांत्रिक अभियंता नाही, परंतु शेतीपंप आणि फवारणी यंत्रे उघडून बसवण्याची सवय आहे आणि पान्यांचा बऱ्यापैकी संच घरात आहे.

गाडीची सध्याची स्थिती अशी आहे. किक खाली जाते, पण दाब जवळपास लागत नाही. टाकीचे झाकण उघडले की जुन्या वॉर्निशसारखा वास येतो आणि तळाशी तांबूस गाळ दिसतो. टू-टी तेलाच्या (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलसोबत जळणाऱ्या तेलाच्या) टाकीत काळपट, घट्ट तेल उरले आहे. वायरिंगचा काही भाग उंदरांनी कुरतडला आहे. दोन्ही टायर तडकले आहेत. सायलेन्सरचा क्रोम खालच्या बाजूने गेला आहे, वरून मात्र चांगला आहे. रंग मूळचा काळाच असून टाकीवरचे सोनेरी पट्टे फिकट झाले असले तरी शाबूत आहेत. इंजिनावर कोणी हात फिरवल्याच्या खुणा, म्हणजे खरवडलेले स्क्रू किंवा बाहेर आलेले गॅस्केटचे सोल्यूशन, दिसत नाहीत.

गावातील दोघा-तिघांनी मला, "प्लग बदला, नवे पेट्रोल टाका आणि ढकलून चालू करा," असा सल्ला दिला. याउलट एका परिचितांच्या मते इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय हात लावण्यात अर्थ नाही. या दोन टोकांच्या मधला मार्ग आहे का आणि सुरुवात नेमकी कोठून करावी, हे जाणकारांनी सांगावे.

जुनापाना

ढकलून चालू करण्याचा सल्ला सर्वप्रथम बाजूला ठेवा. चार-स्ट्रोक इंजिनात निदान तळाशी तेल साठलेले असते. आर.एक्स.सारख्या टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगना आणि पिस्टनला जे तेल मिळते ते पेट्रोलच्या धुक्यासोबत येणारेच. दहा वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत ते वाळून गेलेले असते आणि ऑटोल्यूब पंपाच्या, म्हणजे इंजिनाला टू-टी तेल पुरवणाऱ्या पंपाच्या, नळीत बहुधा हवा भरलेली असते. गाडी चालू झालीच, तर पहिली काही मिनिटे पिस्टन कोरडा धावेल. "कालपर्यंत ठीक होती, चालू केल्यावरच जाम झाली" अशा ज्या कहाण्या आपण ऐकतो, त्यांतील बऱ्याच येथे सुरू होतात.

प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन चमचे टू-टी तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग न बसवता, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन वरच्या गियरमध्ये मागचे चाक हाताने सावकाश फिरवा. कोठे खरखर लागते का, एखाद्या ठिकाणी अडते का, ते हाताला कळेल. किकने हा अंदाज येत नाही, कारण पायाचा जोर फार असतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. टू-स्ट्रोक इंजिनाचा क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो तो खालचा डबा, हाच त्याचा पंप असतो. कार्बोरेटरमधून आलेले मिश्रण पिस्टन खाली येताना तेथे दाबले जाते आणि बाजूच्या पोर्टमधून वर जाते. त्यामुळे क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील हवाबंद असावी लागतात. उभ्या गाडीत ही रबरी सील वाळून कडक होतात. मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या फिरत्या चुंबकाच्या) बाजूचे सील गेले, तर इंजिन बाहेरची हवा ओढते, मिश्रण पातळ होते (पेट्रोल कमी, हवा जास्त), पिस्टन तापतो आणि शेवटी चिकटतो. क्लचच्या बाजूचे गेले, तर गियरबॉक्सचे तेल आत ओढले जाते, पांढरा धूर थांबत नाही आणि गियर ऑइल कोठे जाते याचा पत्ता लागत नाही. दोन्ही दोष बाहेरून दिसत नाहीत. गाडी चालू होते, चार दिवस धावते, मालक रंगकामावर खर्च करून बसतो आणि मग ब्लॉक (सिलिंडरचा ठोकळा) जातो.

इंजिन उघडायचे की नाही, हा निर्णय अंदाजाने घेण्याची गरज नाही, कारण त्याची चाचणी घरी करता येते. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या उपकरणाचा रबरी फुगा आणि तबकडी घ्या. कार्बोरेटर आणि सायलेन्सर उतरवा. सायलेन्सर जेथे बसतो त्या तोंडाशी सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून त्यावर पत्र्याची पट्टी आवळा. इनटेकच्या (कार्बोरेटर जेथे जोडतो त्या) तोंडात घट्ट रबरी बूच बसवा आणि टू-टी तेलाची बारीक नळी ज्या छिद्रातून इनटेकमध्ये येते तेही बंद करा. पिस्टन तळाशी आणून प्लगच्या जागेतून हवा भरा. तबकडीवर ३०० मिलिमीटर म्हणजे साधारण पावणेसहा पी.एस.आय. दाब होतो. या कामाला तेवढा पुरतो आणि त्याहून अधिक देऊही नये. चांगले इंजिन हा दाब काही मिनिटे धरून ठेवते. मिनिटाला पन्नास मिलिमीटरपर्यंत घट चालवून घेता येते, त्यापेक्षा वेगाने काटा उतरला तर साबणाच्या पाण्याने गळती शोधावी. ब्लॉकच्या खालचे पॅकिंग, हेड, मॅग्नेटमागचे सील या जागी फेस दिसेल. कोठेही फेस न दिसता दाब उतरत असेल, तर गियर ऑइल भरण्याचे झाकण उघडून कान लावा. क्लचकडच्या सीलमधून हवा तिकडेच जाते.

हे होईपर्यंत रंग, क्रोम, स्टिकर यांतील काहीही विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्णउकल

जुनापाना यांच्याबद्दल आदर बाळगून वेगळे मत मांडतो. पस्तीस वर्षांच्या इंजिनात सील, मेन बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग ही तिन्ही कालबाह्य झाली आहेत असे गृहीत धरावे. चाचणी करून आज सील पास झाले, तरी गाडी तापल्यावर आणि शंभर-दोनशे किलोमीटर धावल्यावर ते टिकेल याची हमी कोण देणार? क्रँक एकदाच बाहेर काढावा, सर्व नवे बसवावे आणि पुढची कित्येक वर्षे निश्चिंत राहावे. दोनदा उघडण्याचा खर्च आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

जुनापाना

आपला मुद्दा सीलच्या बाबतीत मान्य आहे. सील स्वस्त असते आणि मॅग्नेट पुलरने उतरवला की त्या बाजूचे सील क्रँककेस न फोडता बदलता येते, म्हणून ते पास झाले तरी बदलावे. परंतु मूळ क्रँक बाहेर काढण्याबाबत मी हात आखडता घेतो. आर.एक्स. १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. आज दुकानात कंपनीच्या नावाच्या डब्यातून जे बेअरिंग आणि रॉड किट मिळते, त्यातील किती अस्सल आणि किती डब्यापुरतेच अस्सल, हे ओळखणे अवघड झाले आहे. पस्तीस वर्षांपूर्वीचे, कमी धावलेले आणि खेळ (सैलपणा) नसलेले बेअरिंग काढून त्याजागी अज्ञात कुळशीलाचे बेअरिंग ठोकणे, याला मी सुधारणा म्हणणार नाही. शिवाय टू-स्ट्रोकचा क्रँक हा दाबून जोडलेला असतो. तो उघडून पुन्हा बसवताना दोन्ही बाजू एका रेषेत आणण्याचे कौशल्य असलेले कारागीर आता थोडे उरले आहेत.

ब्लॉक काढल्यावर रॉड हातात धरून वर-खाली हलवून पाहावा. उभ्या दिशेने टकटक जाणवली तर पूर्णउकल म्हणतात तसे करावे. आडवा थोडा खेळ मात्र मुळातच ठेवलेला असतो, त्याला घाबरू नये.

सरळवाट

पान्यापूर्वी कागद पाहावा, अशी सूचना करतो. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १९९१ ची गाडी म्हणजे पहिली मुदत २००६ मध्येच संपली. चुलत्यांनी पुढे नूतनीकरण केले होते का, ते आर.सी. पुस्तकावर पाहा. नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये असतो. पंधरा वर्षांवरील दुचाकीसाठी एप्रिल २०२२ पासून केंद्राचे शुल्क १,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील दुचाकीसाठी ते २,००० रुपये केले. याखेरीज विलंबाच्या प्रत्येक महिन्यामागे ३०० रुपयांची तरतूद आहे आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा आहे. दीर्घकाळ बंद गाडीच्या बाबतीत हा विलंबाचाच आकडा मोठा होतो. तो परिवहन कार्यालयात जाऊन आधी काढून घ्यावा, कारण ही रक्कम इंजिनाच्या खर्चाच्या बरोबरीची निघू शकते.

मूळ मालक हयात नसल्याने नमुना ३१ भरून गाडी प्रथम वारसाच्या, म्हणजे तुमच्या चुलतभावाच्या, नावे होईल आणि त्यानंतर नमुना २९ व ३० द्वारे तुमच्या नावे. १९९१ मध्ये कराडच्या गाड्यांनाही साताऱ्याचा एम.एच. ११ क्रमांक मिळत असे, एम.एच. ५० नंतर आला. तेव्हा जुना कागद सातारा कार्यालयाच्या दप्तरात असण्याची शक्यता आहे. इतक्या जुन्या गाड्यांची नोंद 'वाहन' संगणक प्रणालीत नसेल, तर आधी ती चढवून घ्यावी लागते आणि त्याशिवाय उच्च सुरक्षा नंबरप्लेटसुद्धा मागवता येत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सर्व गाड्यांना ती आता महाराष्ट्रात बंधनकारक आहे.

आणखी एक सांगतो. इंजिनावरचा क्रमांक आर.सी.वरील क्रमांकाशी जुळवून पाहा. या गाड्यांमध्ये इंजिन बदलण्याचे प्रकार फार झाले आहेत.

मीठवारा

मी रत्नागिरीला राहते आणि खाऱ्या हवेत गाडी जपण्याचा थोडा अनुभव आहे, म्हणून टाकी आणि कार्बोरेटर यांपुरते लिहिते.

टाकीतला गंज काढण्यासाठी संडास साफ करण्याचे ॲसिड वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कृपया तो मानू नये. ते ॲसिड गंजाबरोबर चांगला पत्राही खाते आणि धुऊन काढल्यावर तासाभरात टाकी आतून पुन्हा तांबूस होते. त्यापेक्षा सायट्रिक ॲसिड म्हणजे किराणा दुकानातील लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून टाकी तोंडापर्यंत भरावी आणि एक-दोन दिवस ठेवावी. पेट्रोल कॉक आधी काढून त्या जागी बूच बसवावे. आत थोडे नट किंवा सायकलच्या साखळीचा तुकडा टाकून हलवल्यास पापुद्रे लवकर सुटतात, फक्त टाकलेले नट मोजून ठेवावेत आणि तेवढेच बाहेर आले याची खात्री करावी. त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, नुसत्या पाण्याने पुन्हा धुवावे आणि लगेच हेअर ड्रायरने वाळवून आतून टू-टी तेल फिरवावे. "लगेच" या शब्दावर माझा भर आहे. चहा पिऊन येतो म्हणाल तर गंज आधी येतो. टाकीवरचे मूळचे सोनेरी पट्टे टिकवायचे असतील तर बाहेरून प्लॅस्टिकने नीट झाकावे, कारण लिंबूसत्वाचे ओघळ रंगावर डाग पाडतात.

कार्बोरेटर मिकुनीचा आहे. त्याची जेट (पेट्रोल मोजून देणारे बारीक छिद्रांचे पितळी तुकडे) तारेने टोचू नयेत. पितळ मऊ असते आणि छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी गाडी कधीही नीट जुळत नाही. क्लीनरमध्ये भिजवावे, हवेने फुंकावे आणि जेट उजेडाकडे धरून पाहावे. बारीक पायलट जेट बहुतेक वेळा पूर्ण बुजलेले आढळते. एअर फिल्टरचा स्पंज बोटाने दाबून पाहा. जुना स्पंज भुगा होऊन इंजिनात जातो, तो नवाच घ्यावा.

आजचे पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचे आहे, १९९१ चे नव्हते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या रबराला फुगवते. कॉकचे वायसर, कार्बोरेटरच्या रिंगा आणि पेट्रोलची नळी सर्व नवी घ्यावीत. गाडी पंधरा दिवसांपेक्षा अधिक उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवावे, ही सवय लावून घ्या.

संगमघाट

सर्वांचे मनापासून आभार. कागदांचे काम चुलतभावाने हाती घेतले असून इंजिनाचा क्रमांक आर.सी.शी जुळतो. कार्यालयात विचारल्यावर विलंबाची रक्कम अपेक्षेपेक्षा अधिक निघाली, तरीही गाडी सोडून देण्याइतकी नाही असे आम्हा दोघांचे मत झाले.

दाबाची चाचणी केली. काटा ३०० वरून पाऊण मिनिटात शंभराच्या खाली आला. मॅग्नेटचे झाकण काढून साबणाचे पाणी सोडल्यावर क्रँकच्या भोवती भरपूर फेस आला. गियरबॉक्सकडून मात्र आवाज नाही आणि गियर ऑइल काळे असले तरी दुधाळ नव्हते. मॅग्नेटच्या बाजूचे सील बदलून पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा मिनिटाला वीस-पंचवीसची घट राहिली आणि ती ब्लॉकच्या खालच्या पॅकिंगमधून आहे. म्हणजे क्रँककेस न फोडता भागण्याची शक्यता दिसते.

ब्लॉक काढला. रॉडला उभा खेळ नाही. पिस्टन रिंगा खोबणीत चिकटल्या आहेत, म्हणून दाब लागत नव्हता. परंतु सिलिंडरमध्ये एक्झॉस्ट पोर्टच्या वर बोटाला लागेल असा गंजाचा पट्टा आहे. सँडपेपर मारून तो जाईल का, की बोअरच (सिलिंडर आतून कापून मोठा) करावे लागेल?

जाता जाता, बाजूच्या झाकणांचे स्क्रू सुटण्यासाठी ठोकून फिरवण्याचा इम्पॅक्ट ड्रायव्हर फार उपयोगी पडला. साधा चौफुली पेचकस त्या स्क्रूंमध्ये बसल्यासारखा वाटतो, पण नीट बसत नाही. जपानी पद्धतीच्या स्क्रूंची खाच वेगळी असते, हे दुकानदाराने सांगितल्यावर त्या मापाची बिट घेतली.

उद्यमनगरी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंगच्या कामाशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून लिहितो.

बोटाला लागणारा खड्डा सँडपेपरने जात नाही, फक्त त्याच्या भोवतीचा भाग खोल होतो आणि सिलिंडर वाकडा होतो. बोअरच करावे लागेल. मूळ माप ५० मिलिमीटर आहे आणि पिस्टन ०.२५ च्या पायरीने मोठे मिळतात. पहिल्या मापात गंज निघतो का ते आधी पाहावे, नाही तर दुसरे माप घ्यावे, पण एकदम शेवटच्या मापावर उडी मारू नये. ब्लॉकचे आयुष्य या पायऱ्यांवरच असते. पिस्टन आधी विकत घ्यावा आणि तो हातात देऊनच बोअर करून घ्यावा, कारण डब्यावरचे माप आणि पिस्टनचे खरे माप यांत फरक पडतो. कारागिराने पिस्टन मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय मशीन सुरू केले, तर ब्लॉक उचलून दुसरीकडे जावे.

टू-स्ट्रोकच्या ब्लॉकमध्ये पोर्टची तोंडे असतात आणि बोअर केल्यावर त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. त्या कडा बारीक कानसीने किंचित मोडून घेतल्या नाहीत, तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. चार-स्ट्रोकवर हात बसलेले अनेक जण हे विसरतात. होनिंगनंतर (सिलिंडर आतून घासून झाल्यावर) ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने पांढऱ्या फडक्यावर काळे येणे थांबेपर्यंत धुवावा, नुसते डिझेल पुरत नाही.

बसवताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवावा. रिंगेच्या दोन्ही टोकांमध्ये खोबणीतील बारीक खुंटी आली पाहिजे, नाही तर ब्लॉक खाली सरकवताना रिंग तुटणार. पिनचे सर्क्लिप (पिन जागेवर धरणारी तारेची कडी) प्रत्येक वेळी नवे घ्यावे आणि ते बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडके कोंबून ठेवावे. सर्क्लिप उडून आत पडले, तर जुनापाना यांनी वाचवलेला क्रँककेस शेवटी फोडावाच लागेल.

पूर्णउकल

माझा अंदाज क्लचकडच्या सीलच्या बाबतीत चुकीचा ठरला, हे नोंदवतो. मात्र ते सील आज टिकले आहे एवढेच सिद्ध झाले आहे. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर गियर ऑइलची पातळी अवश्य तपासावी.

संगमघाट

नक्की तपासेन, ही सूचना वहीत लिहून ठेवली आहे.

ब्लॉक उद्यमनगरातूनच करून आणला. ०.२५ मध्ये गंजाची एक रेघ उरत होती, म्हणून ०.५० वर गेलो. गमतीची गोष्ट अशी की या मापाला हिशेबाने ९८ ऐवजी शंभराच्या किंचित वर सी.सी. भरतात, म्हणजे गाडीचे नाव आता कोठे खरे झाले.

सायलेन्सरमधील जाळीची नळी कार्बनने जवळपास बुजली होती. ती कॉस्टिक सोड्यात ठेवायची म्हणतात. कोणती काळजी घ्यावी? तसेच ऑटोल्यूब पंप ठेवावा की काढून टाकून पेट्रोलमध्येच तेल मिसळावे, याबद्दल गावात जोरदार मतभेद आहेत.

जुनापाना

कॉस्टिक सोडा फक्त लोखंडी भागांसाठी वापरावा. ब्लॉक, हेड, पिस्टन आणि कार्बोरेटर यांपैकी काहीही त्यात गेले, तर ॲल्युमिनियम फसफसून विरघळते. पाण्यात सोडा टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे आणि काम उघड्यावर. जाळीची ही नळी काढून टाकून आवाज मोठा करण्याची पद्धत आहे. तसे केल्यास आवाज वाढतो, खालच्या वेगातील ओढ कमी होते आणि पोलिसांचे लक्षही वेधले जाते. ती परत बसवावी.

ऑटोल्यूब काढू नये. वेगानुसार आणि थ्रॉटलनुसार तेल मोजून देणारी ती व्यवस्था उत्तम आहे. लोक ती काढून टाकतात, याचे कारण पंप बिघडतो हे नसून त्यातील हवा काढण्याचा कंटाळा हे आहे. तेलाची टाकी उतरवून गाळ धुवा, तळाची जाळी साफ करा, नव्या नळ्या लावा. तेल भरल्यावर पंपावरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्या. थ्रॉटलची केबल ताणल्यावर पंपाच्या चाकावरची खूण जेथे यायला हवी तेथे येते का, ते जुळवा. थ्रॉटलची केबल बदलणारे बहुतेक जण ही पंपाची केबल तशीच सोडतात आणि मग वेग पूर्ण पण तेल अर्धे, अशी अवस्था होते.

पहिल्या टाकीसाठी पंप सुरू असतानाही पेट्रोलमध्ये लिटरला पंचवीस मिलिलिटर टू-टी तेल मिसळा. धूर होईल, प्लग काळा पडेल, होऊ द्या. पंप खरोखर तेल ओढत आहे याचा पुरावा म्हणजे तेलाच्या टाकीवर चिकटपट्टी लावून पातळीची खूण करणे. ती पातळी उतरताना दिसली की मगच पेट्रोलमधील तेल बंद करावे.

मीठवारा

ब्रेकबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून आठवण करते. गाडी धावण्यापूर्वी थांबली पाहिजे. दोन्ही ड्रममधील कॅम जुन्या ग्रीसमुळे जाम झालेले असतात, ब्रेक दाबला की लागतो आणि सुटत नाही. शू वरून चांगले दिसले तरी चकचकीत झालेले असतील तर बदलावेत. आतील धूळ तोंडाने किंवा हवेने फुंकू नये, जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ओल्या फडक्याने पुसावी. नवे टायर घेताना बाजूवरचे चार अंक वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात. या मापाचे टायर दुकानात वर्षानुवर्षे पडून राहतात आणि "नवे" म्हणून विकले जातात.

संगमघाट

गाडी चालू झाली. तेलाच्या टाकीवरची खूणही उतरली. मात्र एक दोष उरला आहे. इंजिन थंड असताना बंद-चालू सर्व ठीक आहे, पण तापल्यावर थ्रॉटल सोडले तरी वेग लगेच खाली येत नाही, काही क्षण वरच राहतो आणि मग हळूहळू उतरतो. पायलट स्क्रू (मंद वेगाचे मिश्रण जुळवणारा) बराच फिरवून पाहिला, फरक नाही. प्लगचे टोकही पांढरट दिसते, तेल अधिक असूनही.

उद्यमनगरी

केबल मोकळी असेल आणि कार्बोरेटरची स्लाइड अडकत नसेल, तर ही हवा ओढण्याची लक्षणे आहेत. स्क्रू फिरवून हा दोष झाकता येतो, जात नाही. तोपर्यंत गाडी लांब नेऊ नका.

जुनापाना

सहमत. चाचणी करताना आपण इनटेकच्या तोंडात बूच मारले होते. त्यामुळे कार्बोरेटर आणि इनटेकचे तोंड यांमधील जोड तपासला गेलाच नाही. इंजिन मंद चालू ठेवून त्या जोडावर थोडे साबणाचे पाणी सोडा. वेग क्षणभर बदलला, तर जागा सापडली. पेट्रोल किंवा पेटणारा स्प्रे गरम इंजिनावर मारू नका.

संगमघाट

तेथेच होते. कार्बोरेटरच्या तोंडाची रबरी रिंग वरून चांगली, पण आतल्या बाजूने चपटी झाली होती. शिवाय त्याची पट्टी वर्षानुवर्षे अति आवळल्याने तोंडच किंचित वाकले होते. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून ते सपाट केले, नवी रिंग बसवली. आता थ्रॉटल सोडताच वेग खाली येतो आणि शंभरेक किलोमीटर सावकाश, वेग बदलत चालवल्यावर प्लग कॉफीच्या रंगाचा दिसतो.

रंगाबाबत ठरवले आहे की टाकी आणि बाजूची झाकणे मूळ रंगातच ठेवायची, फक्त पॉलिश करायची. चासी आणि मागचा स्विंगआर्म मात्र गंजल्याने रंगवावा लागेल.

सरळवाट

चासी रंगाऱ्याकडे देण्यापूर्वी हँडलखालच्या भागावर कोरलेला चासी क्रमांक सापडवून स्वच्छ करा, त्याचे छायाचित्र काढा आणि त्यावर चिकटपट्टी लावून द्या. रंगारी तेथे लांबी (पुट्टी) भरतात किंवा घासून गुळगुळीत करतात. तपासणीच्या वेळी निरीक्षक क्रमांकाचा पेन्सिलने छाप घेतात आणि तो अस्पष्ट आला, तर अर्ज तेथेच थांबतो. पुन्हा कोरून घेण्याची परवानगी ही स्वतंत्र आणि वेळखाऊ प्रक्रिया आहे. तपासणीच्या दिवशी मूळ आर.सी., वारसाच्या नोंदीचे कागद आणि चालू विमा सोबत ठेवा, तसेच हॉर्न, ब्रेकचा दिवा आणि दोन्ही बाजूंचे इंडिकेटर चालतात याची सकाळीच खात्री करून निघा.